पंचवीसच्या आत : शांतता संशोधनाची एक प्रस्तावना

२० एप्रिल १९८१ हा सोमवार होता आणि आदिलाबाद जिल्ह्यातल्या इंद्रवेल्लीचा आठवडी बाजार भरलेला होता. गिरिजन रयतु कुली संघमने जमिनीच्या प्रश्नावर त्याच दिवशी सभा ठेवली होती. प्रशासनाने जमावबंदी लावली होती, तरी भोवतालच्या गुड्यांमधून गोंड आले आणि पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा. नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्यांनी साठ आणि त्याहून अधिक मृत्यू सांगितले. पुढे तिथे स्तूप उभा राहिला, १९८६ मध्ये तो स्फोटाने उडवला गेला, पुन्हा बांधला गेला, आणि त्यानंतरही अनेक वर्षे दर वीस एप्रिलला तिथे श्रद्धांजलीपेक्षा बंदोबस्तच मोठा असे. आता या घटनेला स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाचा निकष लावून पाहू. जगभरच्या संघर्षांची सर्वाधिक वापरली जाणारी गणना तिथे होते. त्या गणनेत शासनाने किंवा संघटित गटाने निःशस्त्र लोकांवर केलेली हिंसा ‘एकतर्फी हिंसा’ म्हणून नोंदवायची, तर एका वर्षात किमान पंचवीस मृत्यू लागतात. ही नोंद १९८९ पासूनच्या घटनांची असल्यामुळे इंद्रवेल्ली तिच्यात तसेही येत नाही. पण निकष तेवढा उचलून लावला, तर तेरा हा आकडा धरल्यास इंद्रवेल्ली घडलीच नाही आणि साठ धरल्यास ती जगाच्या नकाशावर ठिपका म्हणून उमटते. शांतता संशोधन या विषयात पदव्युत्तर शिक्षणासाठी परदेशी जाऊ पाहणाऱ्या आदिलाबादच्या विद्यार्थ्याने पहिला प्रश्न इथूनच उचलावा. मोजणी कोण करतो, आणि कोणाचा आकडा घेऊन?

विषय तसा तरुण आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर युद्ध हा केवळ सेनापतींचा आणि मुत्सद्द्यांचा प्रांत न ठेवता रोगासारखा अभ्यासावा, त्याची कारणे आणि लक्षणे पडताळून पाहावीत, या कल्पनेतून तो जन्मला. योहान गाल्टुंग यांच्या पुढाकाराने ओस्लो येथे १९५९ मध्ये शांतता संशोधनाची संस्था सुरू झाली. त्याआधी चारच वर्षे त्यांनी तत्त्वज्ञ आर्ने नेस यांच्यासोबत गांधींच्या राजकीय नीतीवर पुस्तक लिहिले होते, त्यामुळे या विषयाच्या पायाभरणीतले काही दगड आपल्याकडूनच गेले आहेत असे म्हटले तर ती बढाई ठरू नये. स्टॉकहोमची संस्था १९६६ मध्ये आली, उप्सालाचा विभाग १९७१ मध्ये, आणि ब्रॅडफर्ड या इंग्लंडमधल्या गिरणीगावातला विभाग १९७३ मध्ये. जर्मनीतल्या ट्युबिंगेन विद्यापीठात तर शांतता संशोधन आणि आंतरराष्ट्रीय राजकारण या दोन्हींना एकाच पदव्युत्तर अभ्यासक्रमात बांधले आहे. ही जोडणी वरवर सोयीची वाटते, पण तिच्यामागे एक वाद आहे. शांतता संशोधन सहसा वरून खाली दाबणाऱ्या सत्तेकडे पाहते. आंतरराष्ट्रीय संबंधांचा अभ्यास समोरासमोर उभ्या असलेल्या अशा पक्षांकडे पाहतो, ज्यांच्या डोक्यावर दोघांनाही मान्य असा पंच नाही. या दोन नजरांपैकी एकच वापरली तर आदिलाबाद अर्धा दिसतो. या प्रस्तावनेला मुख्यतः एवढेच सांगायचे आहे, आणि ते पटवून देण्यासाठी जिल्ह्याच्या इतिहासातच शिरावे लागेल.

गाल्टुंग यांनी १९६९ च्या आपल्या गाजलेल्या निबंधात युद्ध थांबले म्हणजे शांतता आली, हे समीकरण मोडले. गोळी न झाडता माणसे मरत असतील, उपचार असून मिळत नसतील, जमीन असून हातून जात असेल, तर ती संरचनात्मक हिंसा होय, आणि तिच्यावर उभी असलेली शांतता फक्त नकारात्मक. ही कल्पना आदिलाबादेत कोणाला फळ्यावर आकृती काढून समजावावी लागणार नाही. निजामाच्या काळात राखीव जंगलाच्या रेषा आखल्या गेल्या, पोडू या फिरत्या शेतीवर बंदी आली, चौकीदाराच्या दंडाने आणि सावकाराच्या वहीने गोंडांच्या जमिनी सरकत गेल्या. गोंडांचे नेते कोमरम भीम १९४० मध्ये जोडेघाटला मारले गेले, तेव्हा हैदराबादच्या दरबाराला पहिल्यांदा वाटले की इथे काय चालले आहे ते कुणीतरी पाहून यावे. ते काम क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या व्हिएन्नाच्या मानववंशशास्त्रज्ञाकडे आले. महायुद्धामुळे ते ब्रिटिशांच्या दृष्टीने शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले होते आणि हैदराबाद संस्थानात अडकले होते, हा इतिहासाचा एक विचित्र विनोद. त्यांनी मार्लवाईला मुक्काम केला, अहवाल लिहिले, गोंड शिक्षकांसाठी केंद्र सुरू केले, देवनागरीत गोंडी वाचनपुस्तके तयार करवली. हजारो कुटुंबांना पट्टे मिळाले. म्हणजे संशोधनातून शांतता, आणि तीही सकारात्मक, अशी घटना या जिल्ह्यात ओस्लोच्या संस्थेआधी दीड दशक घडलेली आहे. मराठी वाचकाला या कथेतले आणखी एक नाव ठाऊक असायला हवे, ते सेतुमाधवराव पगडी यांचे. शिवकालाचे इतिहासकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु हैदराबादच्या सेवेत असताना त्यांनी आदिलाबादच्या आदिवासींमध्ये अधिकारी म्हणून काम केले, गोंडी शिकले, तिचे व्याकरण लिहिले आणि आदिलाबादच्या गोंडांवर इंग्रजीत पुस्तकही लिहिले. त्यांच्या मोगल-मराठा लेखनाच्या मानाने या कामाकडे आपले जवळजवळ दुर्लक्ष झाले आहे.

पण पट्टे मिळाले आणि तरी इंद्रवेल्ली घडली. का? हायमेनडॉर्फ सत्तरच्या दशकात परत आले, तेव्हा चाळीसच्या दशकात दिलेली जमीन पुन्हा हातची गेलेली त्यांना दिसली, आणि १९८२ च्या पुस्तकात त्यांनी ते लिहून ठेवले. कायदा नव्हता असे नाही. अनुसूचित क्षेत्रातली जमीन बिगरआदिवासीकडे जाऊ नये म्हणून १९५९ चा विनियम होता, १९७० मध्ये तो अधिक कडक झाला. तेव्हा ही संरचनात्मक हिंसा म्हणायची आणि थांबायचे, असे कुणी म्हणेल. इथेच सावध व्हायला हवे. केनेथ बोल्डिंग यांनी १९७७ मध्येच गाल्टुंग यांच्याशी मित्रत्वाने पण खणखणीत भांडण केले होते. गरिबीलाही हिंसाच म्हटले, तर हिंसा कशी भडकते याचे स्वतंत्र उत्तर शोधण्याची गरजच संपते, असा त्यांचा रोख होता. आदिलाबादपुरते बोल्डिंग बरोबर ठरतात, असे माझे मत आहे, आणि त्याचा पुरावा १९८१ पेक्षा २०१७ मध्ये अधिक स्पष्ट मिळतो.

डिसेंबर २०१७ मध्ये उटनूर आणि भोवतालच्या मंडलांमध्ये गोंड व लंबाडा समाज एकमेकांसमोर उभे राहिले. दगडफेक झाली, जाळपोळ झाली, जमावबंदी आली, इंटरनेट बंद झाले. लंबाडांना अनुसूचित जमातींच्या यादीतून काढा, ही मागणी होती. गुड्यांमधल्या शाळांत लंबाडा शिक्षक नकोत, असेही म्हटले जात होते. यात वरचा कोण आणि खालचा कोण? तांड्यावरचा ऊसतोड किंवा खडीकाम करणारा माणूस काही जमीनदार नव्हे. संरचनात्मक हिंसेची कल्पना इथे दोघांनाही बळी ठरवते आणि गप्प बसते. दोन बळी एकमेकांच्या अंगावर का गेले, ते तिला सांगता येत नाही. ते सांगण्यासाठी सीमा पाहावी लागते. तेलंगणात, म्हणजे तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, लंबाडा १९७६ च्या कायद्याने अनुसूचित जमातींत आले. पैनगंगेच्या अलीकडे, महाराष्ट्रात, तोच बंजारा समाज विमुक्त जातींच्या यादीत राहिला. एक नदी ओलांडली की त्याच माणसाचे कायद्यातले स्थान बदलते, जमीन विकत घेण्याचा अधिकार बदलतो, नोकरीतला वाटा बदलतो. सत्तरच्या दशकाच्या शेवटी महाराष्ट्रातून तांडे आदिलाबादेत सरकले आणि वाटा आटला, ही गोंड संघटनांची तक्रार आहे. आपण पिढ्यान्‌पिढ्या इथलेच आहोत, हे लंबाडांचे उत्तर आहे. दोघेही आपापल्या बचावासाठी जे करतात, ते दुसऱ्याला हल्ला वाटते. जॉन हर्झ यांनी १९५० मध्ये राष्ट्रांच्या बाबतीत याच स्थितीला सुरक्षेचा पेच म्हटले, आणि बॅरी पोझेन यांनी १९९३ मध्ये युगोस्लाव्हियाच्या पडझडीनंतर तो वांशिक गटांना लावला. हा पेच उटनूरला जितका नेमका बसतो तितकी गाल्टुंग यांची कल्पना बसत नाही. आणि हा पेच नदीच्या एकाच काठावर राहिलेला नाही. हैदराबाद गॅझेटचा आधार देत महाराष्ट्रातल्या बंजारा समाजानेही २०२५ मध्ये अनुसूचित जमातींत समावेशाची मागणी जोराने मांडली आणि इथल्या आदिवासी संघटना विरोधात उतरल्या.

यावर आंतरराष्ट्रीय संबंधांचा एखादा शिस्तप्रिय प्राध्यापक म्हणेल की हे सारे एका सार्वभौम राष्ट्राच्या पोटातले आहे. इथे राज्यघटना आहे, सर्वोच्च न्यायालय आहे, त्याला आंतरराष्ट्रीय कसे म्हणता? आक्षेप वजनदार आहे आणि काही बाबतीत तो निर्णायकही आहे. तेलंगणा आणि महाराष्ट्र यांच्यात युद्ध होणार नाही. पण पंच असणे आणि पंचाचा निकाल गावात पोचणे यांत अंतर असते. जिवती तालुक्यातली चौदा गावे पाहा. चंद्रपूर जिल्हा त्यांना आपली म्हणतो. पलीकडचे केरामेरी मंडलही म्हणते, जे २०१६ च्या जिल्हा-पुनर्रचनेपर्यंत आदिलाबादचे होते आणि आता आसिफाबादचे आहे. रहिवासी बहुतेक मराठवाड्यातून आलेले, मराठी बोलणारे. त्यांच्याकडे दोन मतदार ओळखपत्रे, दोन शिधापत्रिका, गावात दोन सरपंच, एक शाळा मराठी आणि एक तेलुगू. वाद न्यायालयात गेला, राजकीय आश्वासने आली, पण दोन शासनांचा दुहेरी कारभार दशकानुदशके चालू राहिला. योजना दोन्हीकडच्या मिळतात म्हणून हसणारे भेटतात. पण ज्या जमिनीवर घर आहे तिचा निर्विवाद कागद नाही, हे दुखणे त्या हसण्याखाली झाकले जाते. युरोपात असल्या गावांसाठी आंतरराष्ट्रीय कायद्याचे ग्रंथ लिहिले गेले. जर्मनी आणि डेन्मार्क यांच्यामधल्या श्लेसविगची सीमा १९२० मध्ये सार्वमताने ठरली, तरी अल्पसंख्य दोन्हीकडे उरलेच. मार्च १९५५ मध्ये बॉन आणि कोपनहेगन इथून दोन निवेदने निघाली, आणि माणूस स्वतःला ज्या समाजाचा म्हणवतो तो म्हणण्याचा त्याला अधिकार आहे, सरकारने त्याची तपासणी करू नये, हे तत्त्व मान्य झाले. पुढच्याच वर्षी आपल्याकडे राज्य पुनर्रचना झाली. आदिलाबाद जिल्ह्यातून राजुरा आणि किनवट हे तालुके मुंबई राज्यात गेले, आणि मागे राहिलेल्या मराठी, गोंडी, कोलामी बोलणाऱ्यांबद्दल तितक्या नेमकेपणाने कुणी काही लिहून ठेवले नाही. मात्र श्लेसविगचे सूत्र उचलून उटनूरला लावता येत नाही, हेही इथेच सांगून टाकावे. आपल्याकडे ओळखीला जमीन आणि आरक्षण बांधलेले आहे. तपासणी नकोच म्हटले तर गोंडांचा सारा आक्षेपच रद्द होतो. तुलनेतून नेमका हाच फरक हाती लागतो, आणि तो लागावा म्हणूनच तुलना करायची.

पैनगंगेच्या पाण्याची गोष्ट उलट आहे, आणि ती कमी सांगितली जाते. नद्यांवरून युद्धे होतात, हे वर्तमानपत्री भाकीत अॅरन वुल्फ आणि त्यांच्या ओरेगॉनमधल्या सहकाऱ्यांनी शेकडो घटना गोळा करून तपासले, तेव्हा राष्ट्रे पाण्यावरून भांडण्यापेक्षा समझोताच अधिक वेळा करतात, असे दिसले. गोदावरी लवादाचा १९८० चा निवाडा, त्याआधीचे राज्याराज्यांतले करार, आणि २३ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबईत दोन मुख्यमंत्र्यांनी केलेला, चनाखा-कोरटा बंधाऱ्याचाही समावेश असलेला करार, हे सगळे त्याच माळेत बसते. एकाच बंधाऱ्याचे एक टोक यवतमाळात आणि दुसरे आदिलाबादेत. ट्युबिंगेनला फोल्कर रिटबर्गर यांनी शीतयुद्धातल्या पूर्व-पश्चिम सहकार्याच्या नियमव्यवस्थांचा जो अभ्यास केला, त्याचा प्रश्न हाच होता: एकमेकांवर विश्वास नसलेले पक्ष काही ठरावीक बाबतींत नियम का पाळतात? चनाखा-कोरट्याबद्दल जमले ते चौदा गावांबद्दल का जमले नाही, हा प्रबंधाचा उत्तम विषय आहे, आणि तो उप्सालाच्या किंवा ट्युबिंगेनच्या कुठल्याही मार्गदर्शकाला समजेल.

मग परदेशी कशाला, दिल्ली का नको? जवाहरलाल नेहरू विद्यापीठात आंतरराष्ट्रीय अभ्यासाची परंपरा १९५५ पासूनची आहे, जामिया मिलियात २००४ पासून नेल्सन मंडेला यांच्या नावाचे शांतता व संघर्ष निवारण केंद्र आहे. ज्याला तिथे प्रवेश मिळतो त्याने तिथे जावे, त्यात कमीपणा काही नाही. परदेशी जाण्याची माझ्या मते दोनच कारणे सबळ आहेत. निकष जिथे ठरतात तिथे बसून ते उलगडून पाहता येतात, हे पहिले. पंचवीस मृत्यूंची मर्यादा हा निसर्गनियम नव्हे. मिशिगनच्या जुन्या गणनेत युद्धासाठी हजार मृत्यू लागत, आणि ती मर्यादा फार उंच वाटली म्हणूनच इतरांनी ती खाली आणली. ती पुन्हा बदलू शकते, आणि सरकारी व अनधिकृत आकड्यांत इतके अंतर असते तेव्हा काय करावे, यावर तिथे रोज वाद होतात. दुसरे कारण अधिक गद्य आहे. हायमेनडॉर्फ यांची कागदपत्रे, छायाचित्रे आणि चित्रफिती लंडनच्या पौर्वात्य अध्ययन संस्थेत आहेत. मार्लवाईच्या नातवंडाला आजोबांचा तरुणपणीचा चेहरा पाहायचा तर तिथल्या दप्तरात शोधावे लागते. आंतरराष्ट्रीय ख्याती, उघडे क्षितिज वगैरे जाहिरातींतली कारणे इथे मुद्दाम सोडली आहेत.

सर्वांत कडू आक्षेप देशातूनच येतो: घरची भांडणे परक्यांच्या वर्गात कशाला न्यायची? हा केवळ चहाच्या टपरीवरचा सूर नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांत २०२२ मध्ये बदल झाला आणि भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास व भारतावरचे सामाजिक संशोधन हे विषय तिच्या कक्षेबाहेर ठेवले गेले. अनुसूचित जातींच्या, भटक्या-विमुक्तांच्या, भूमिहीन शेतमजुरांच्या मुलांसाठी असलेली ही शिष्यवृत्ती. भारताचा अभ्यास भारतात उत्तम होतो, मग सरकारी पैसा बाहेर का घालवावा, असे त्याचे समर्थन झाले. वरवर ते रास्त वाटते. पण मग बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या भीमराव आंबेडकरांनी मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात वाचलेला निबंध भारतातल्या जातींवर होता, त्याचे काय करायचे? त्यांचे प्रबंध प्रांतिक वित्तव्यवस्थेवर आणि रुपयाच्या प्रश्नावर होते, म्हणजे तेही भारतावरच. आजचा नियम तेव्हा असता तर सयाजीरावांना तो अर्ज फेटाळावा लागला असता. घर सोडून गेल्यावर घराचा आराखडा दिसतो, आणि ज्याच्या घरावर वरवंटा फिरला त्याने तो आराखडा काढला तर तो हायमेनडॉर्फ यांच्यापेक्षा वेगळा निघेल. व्हिएन्नाहून मार्लवाईला येऊन लिहिता येते, तर मार्लवाईहून ट्युबिंगेनला जाऊन मार्लवाईवर का लिहू नये, याचे उत्तर त्या नियमात नाही.

पैशाबद्दल थोडक्यात, कारण त्यात फिरवण्यासारखे काही नाही. स्वीडनने २०११ पासून आणि नॉर्वेने २०२३ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना शुल्क लावले. ट्युबिंगेन ज्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात आहे तिथे २०१७ पासून सत्राला दीड हजार युरो द्यावे लागतात, शिवाय जर्मन व्हिसासाठी वर्षाचे सुमारे बारा हजार युरो बँकेत अडकवून दाखवावे लागतात. या पदवीवर नोकऱ्या आहेत, पण संगणकशास्त्रासारख्या रांगेने उभ्या नाहीत. संशोधन संस्था, स्वयंसेवी कामे, पत्रकारिता, संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांतली कंत्राटे, एवढाच तिचा पसारा. घरची शेती गहाण टाकून या विषयासाठी जाऊ नये. शिष्यवृत्ती मिळाली तरच जावे, आणि राज्य शासनांच्या व जर्मन शैक्षणिक विनिमय सेवेच्या शिष्यवृत्त्यांसाठी अर्ज एक वर्ष आधीपासून तयार ठेवावा.

राहिली तयारी. इथले सल्लागार इंग्रजीच्या परीक्षेची आणि जर्मनच्या पहिल्या पातळीची शिकवणी लावायला सांगतात, आणि ते आवश्यकच आहे. परंतु आदिलाबादच्या विद्यार्थ्याकडे मराठी, तेलुगू आणि बहुधा गोंडी किंवा गोरबोली आधीच असते, आणि ट्युबिंगेनच्या वर्गात ही शिदोरी दुसऱ्या कुणाकडे नसते. तिच्यात एक भाषा घालून घ्यावी. निजामाच्या काळातले जंगल, महसूल आणि पट्ट्यांचे कागद उर्दूत आहेत. १९४० च्या आधी कोणाची जमीन कोणत्या हुकमाने गेली आणि तो तांडा नदीच्या कोणत्या काठावर होता, हे त्या कागदांत असेल तर असेल. ज्याला ते वाचता येत नाही तो शेवटी हायमेनडॉर्फ यांच्याच इंग्रजी सारांशावर विसंबतो. तेव्हा व्हिसाची तारीख मिळेपर्यंतचे सहा महिने हैदराबादला काढावेत, सकाळी उर्दूचा वर्ग आणि दुपारी तारनाक्याचे राज्य अभिलेखागार, आणि जे सापडेल त्याच्या नकला बरोबर घेऊनच विमानात बसावे.